बाँडवर सुटलेला टेम्पो

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, सरळ माणूस. इतका सरळ की समोरच्याच्या डोक्याला ताप. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्यांनी स्वतःचा टेम्पो घेतला, आणि दुसऱ्याच वर्षी एका व्यापाऱ्याने कापडाच्या गठ्ठ्यांत चोरटी घड्याळं दडवली. कस्टमने मालासकट टेम्पो जप्त केला. दाजींना घड्याळांचा पत्ताही नव्हता, पण नाक्यावर ऐकतो कोण?

सात महिने टेम्पो कस्टमच्या आवारात उन्हातान्हात सडला. शेवटी हुकूम आला. निकाल लागेपर्यंत गाडी बाँडवर सोडतो. विकायची नाही, रंगरूप बदलायचं नाही, बोलावू तेव्हा आणून उभी करायची. वर जामीन हवा. मी पडलो शिंपी. दोन खोल्यांच्या घराशिवाय माझ्याकडे आहे काय? त्याचेच कागद दिले आणि सही ठोकली.

टेम्पो दारात आला तो दारातच राहिला. रोज सकाळी दाजी इंजिन सुरू करायचे, दहा मिनिटांनी बंद करायचे, काच पुसायचे आणि पायी जाऊन दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने बसायचे. ताई चार घरची धुणीभांडी करत होती. दोन महिने मी दातओठ खात गप्प बसलो. मग तोंड सुटलंच.

"दाजी, गाडी काय शोभेला सोडवून आणलीय?"

"सोडली तशीच परत दाखवायचीय बाबा," ते म्हणाले. "कागदावर लिहिलंय."

दंडाला धरून त्यांना कस्टमच्या कचेरीत नेलं. साहेब बिचारा भला निघाला.

"चालवा की हो. टायर झिजले तर बदला. त्यासाठीच तर सोडलीय."

दाजींनी मान डोलावली. मग हळूच विचारलं, "साहेब, वाटेत अपघात झाला, गाडीच उरली नाही, तर याचं घर जाईल का?"

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. "वेळ आली तर जाऊ शकतं."

"तेच म्हटलं," दाजी म्हणाले आणि उठले.

जिना उतरताना उमगलं. ज्याला मी मनात भित्रा, आळशी म्हणत होतो, तो माझं छप्पर राखत बसला होता. लाज वाटली. रागही तितकाच आला. अहो, सांगायचं तरी!

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि टेम्पोत शेजारच्या सीटवर जाऊन बसलो.

"घर माझं आहे. त्याची काळजी मी करतो. काढा गाडी."

त्यांनी चावी लावली, काढली, पुन्हा लावली. मग निघालो. सबंध रस्ताभर काटा तीसच्या वर गेला नाही. मागचे हॉर्न वाजवून बेजार झाले. मला रांगेत दोन मिनिटं उभं राहवत नाही, पण त्या दिवशी मी एकदाही 'जरा दाबा' म्हटलं नाही.