भावाचा आवाज मी पुसला

थोरला भाऊ गेला आणि त्याचा फोन वहिनींकडे आला. त्या फोनवर खातं माझं होतं. फोन घेतला त्या दिवशी भाऊ म्हणाला होता, "ते पासवर्डाचं झंगट माझ्यामागं लावू नको. तुझंच घाल की." मी घातलं. घरात फोनमधलं कळणारा मी एकटा, असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता.

त्यामुळं भाऊ जे काही टिपायचा ते आपोआप माझ्याही फोनवर यायचं. आणि तो टिपायचा काय, तर म्हैस. धुतलेली म्हैस, शिंगं रंगवलेली म्हैस, कट्ट्यावर उभी म्हैस. संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर म्हैस नेऊन तो गिऱ्हाइकांसमोरच धार काढायचा. गिऱ्हाईक ग्लास पुढं करायचं, दूध फेसासकट त्यातच पडायचं. शेजारच्या कुणाच्या तरी हातात फोन देऊन तो त्याचे व्हिडिओ करून घ्यायचा. ऑफिसात साहेबांपुढं काहीतरी दाखवायला फोन काढावा, तर आधी म्हशीची पाठ दिसायची. मला लाज वाटायची. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तो गेल्यावर लाज गेली आणि दुसरंच सुरू झालं. फोन सकाळी सकाळी आपणहून जुने फोटो काढून पुढं ठेवायचा, "या दिवशी" म्हणून. चहाचा कप हातात आणि समोर भावाचा अंगठा, भावाची सावली. मी फोन पालथा घालायचो. त्यातच जागा संपल्याची सूचना यायला लागली, मेल यायच्या बंद झाल्या. एका रविवारी बसलो आणि बोट ओढत ओढत महिनेच्या महिने निवडून पुसले. तरी जागा होईना, म्हणून कचरापेटीही रिकामी केली. फोननं विचारलं, हे कायमचं जाईल, चालेल का. मी हो म्हटलं.

जागेचं निमित्त होतं. मला तो दिसायला नको होता, एवढंच खरं. त्या व्हिडिओंत त्याचा आवाज आहे हेही ठाऊक होतं. माझ्यापुरतं गेलं, वहिनींच्या फोनवर राहीलच, अशी मी स्वतःची समजूत घातली. खातं एकच आहे, इकडं पुसलं की तिकडंही पुसतं, हे फोनमधलं कळणाऱ्या माणसाला सुचलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "भावजी, जरा कट्ट्यावर येता? ह्या फोनातलं सगळं गेलंय."

गेलो तर म्हैस पाय झाडत होती. वहिनी बादलीशेजारी उकिडव्या बसलेल्या. चार गिऱ्हाइकं रिकामे ग्लास घेऊन उभी.

"वहिनी, म्हस रुसली काय?" त्यातल्या एकानं विचारलं.

"आज नुसता ग्लास चाटून जायाचं व्हय पावणं आमी?"

वहिनींनी हसल्यासारखं केलं आणि मला बाजूला घेतलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. रेडकू दगावल्यापासून ती म्हैस फक्त भावाच्या बोलण्यावर पान्हा सोडायची. तो गेल्यावर तिनं दूधच चोरलं. मग वहिनींनी त्याचा एक व्हिडिओ लावून फोन तिच्या कानाशी धरला आणि म्हैस दूध द्यायला लागली. तेव्हापासून रोज दोन्ही वेळा त्या हेच करत होत्या.

"मी कुठंबी हात लावलो न्हाय, भावजी. देवाशपथ. माझ्याकडनं काय दाबलं गेलं काय?"

त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "फोन जुना झालाय. होतं असं कधी कधी. बघतो मी."

पुढचे दिवस मी वेड्यासारखा फिरलो. दुरुस्तीवाल्यानं फोन हातातही घेतला नाही. "पेटी रिकामी केलीय न्हवं? मग इसरा." कट्ट्यावरच्या एकेका गिऱ्हाइकाला गाठून विचारलं, आमच्या भावाचा एखादा व्हिडिओ आहे का. एकाकडं फेसाळलेल्या ग्लासाचा फोटो निघाला. एकाकडं चक्क व्हिडिओ निघाला. मी आवाज मोठा केला. भाऊ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत काहीतरी बोलत होता. ओठ हलताना दिसत होते. पण त्या भल्या माणसानं स्टेटसला ठेवायचा म्हणून वर गाणं चढवलं होतं, आणि मूळ कधीच पुसून टाकलं होतं.

"जागा कुठं ऱ्हाती हो फोनात," तो म्हणाला.

वहिनी मात्र भेटेल त्याला सांगत होत्या, "माझ्याच हातनं गेलं बघा." ते मला ऐकवेना. शेवटी गोठ्यात गेलो आणि सगळं सांगितलं. रविवारचं, कचरापेटीचं, फोन पालथा घालायचो त्याचंही.

त्या म्हशीसाठी आंबोण कालवत होत्या. हात थांबले नाहीत. कालवता कालवता म्हणाल्या, "म्हशीचं काय न्हाय. मूठभर पेंड जास्ती टाकली की शिकंल ती. मला शबूद सगळे पाठ हाईत, भावजी. पर आठवाय गेलो की माझ्याच आवाजात ऐकू येत्यात."

त्यांनी आंबोणाची पाटी म्हशीपुढं सरकवली.

"तुमचा आवाज त्यांच्यावाणी हाय म्हणत्यात लोक. फोनवर तर मीबी फसलोय दोनदा. म्हणा."

"काय म्हणू?"

त्यांनी शब्द सांगितले. साधेच होते, म्हशीला चुचकारायचे. इतकी वर्षं माझ्या खिशात होते आणि मी त्यातला एकही व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकलेला नव्हता. मी म्हणून बघितले. ऑफिसात कुणाला तरी आत या म्हणावं तसे बाहेर आले. म्हशीनं कान फक्त माशीसाठी हलवला.

"न्हाय," वहिनी म्हणाल्या. "परत."

परत म्हणालो.

"न्हाय. ते जरा दमल्यागत बोलायचे."

आता म्हैस दूध देते. पेंडीनं म्हणा, सवयीनं म्हणा, तिला कुणाच्या आवाजाची गरज उरलेली नाही. गिऱ्हाइकंही खूश आहेत. मी मात्र ऑफिस सुटलं की गोठ्यावर जातो. वहिनी कट्ट्यावर जायच्या आधी पाटी उपडी घालून समोर बसतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हं, म्हणा." मी म्हणतो. त्या नाही म्हणून मान हलवतात. आवाज वर नेऊन बघतो, खाली आणून बघतो. कधी कधी अर्ध्यातच त्यांची मान थांबते. मग पुढचा शब्द माझ्याच आवाजात निघतो.

"न्हाय, भावजी. परत."