वैदेहीच्या फोल्डरची सफाई

वाती अर्ध्याच वळून झाल्या होत्या, तेवढ्यात आतून सूनबाईंची हाक आली, "आई, माझा लॅपटॉप कुणी आवरला?"

'आवरला' म्हटल्यावर मी ह्यांच्याकडं पाहिलं. आमचे हे, श्रीधरराव, सरकारी कचेरीत लेखनिक होते. एका कागदाच्या दोन प्रती दिसल्या की ह्यांचे हात अजून शिवशिवतात.

"मीच," हे म्हणाले. "त्याच त्या फाइली दोन-दोन ठिकाणी होत्या. एक फोल्डर काढून टाकलं. कचरापेटीपण रिकामी केली."

वैदेही मटकन बसली. चार वाजता नव्या कंपनीची परीक्षा, त्यांच्या डोळ्यांदेखत प्रोग्रॅम लिहून दाखवायचा. आणि लॅपटॉप तर अगदी कोरा उघडत होता. तिच्या सवयीचं काहीच चालेना.

ही पोरगी अशी, की मिसळणाच्या डब्यातसुद्धा मोहरीची वाटी हलवलेली तिला खपत नाही. हात न बघता जायला हवा. लॅपटॉपचंही तसंच. लॅपटॉप तिच्या सवयीनं चालावा म्हणून लागणाऱ्या सगळ्या फाइली ती एका फोल्डरात ठेवते आणि जिथं लागतील तिथं नुसता दुवा ठेवते. दुवा उघडला की मूळ फाइलच उघडते. लग्नानंतर तिनं हे समजावलं तेव्हा मी म्हटलं होतं, "म्हणजे आपण सुपारी मांडून गणपती म्हणतो, तसं."

"बाबा," ती आता म्हणाली, "तुम्ही सुपाऱ्या ठेवल्या आणि गणपतीच उचललात हो! दुव्यावर बारीक बाण असतो, दिसला नाही?"

"कसला बाण?"

मी देवापुढं हात जोडले. ती मात्र एकदम सावरून बसली. फोल्डरातला प्रत्येक बदल ती गिट नावाच्या संगणकातल्या नोंदवहीत नोंदवते आणि ते सगळं इंटरनेटवरही चढवून ठेवते.

"म्हणजे अजून एक प्रत?" ह्यांनी विचारलं.

"हो बाबा. जादा प्रत. तिला हात लावू नका."

तिथून फोल्डर उतरवलं, त्याच नावानं त्याच जागी ठेवलं, आणि झाडून सगळे दुवे पहिल्यासारखे चालायला लागले. गेलं ते एवढंच, की काल तिनं ह्यांच्यासाठी अक्षरं मोठी करून दिली होती, ती नोंदवायची राहिली होती.

"मग परत कर की," हे म्हणाले.

"मुळीच नाही. तुमचा चष्मा दुकानात कधीचा तयार आहे."

परीक्षा बरी गेली म्हणते. आता ह्यांना स्कूटीवर मागं बसवून ती क्रांती चौकात चष्मा आणायला निघालीय.