हरळीचा कोपरा

खुलताबादहून येणाऱ्या त्या माळ्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. आम्ही मामा म्हणायचो. घरापुढं लॉन लावायला तो हरळीच्या काड्यांचं ओलं पोतं घेऊन आला. उकिडवा बसून बोटानं मातीत भोक पाडायचा, काडी ठेवायचा आणि झोपलेल्या लेकराला थोपटावं तशी अंगठ्यानं माती दाबायचा.

माझे बाबा व्हरांड्यातून बघत राहायचे. त्यांचा जन्म शेतातली हरळी खणून काढण्यात गेलेला. अलीकडं घर कुठलं, रान कुठलं, हे त्यांना उमगेनासं झालं होतं. हिरवळ जरा धरली आणि एका दुपारी बघते तर बाबांनी कोपऱ्यातली सगळी हरळी उपटून ढीग घातलेला. चेहरा इतका निवांत, की मला रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी मामानं तो ढीग बघितला. बाबांशेजारी बसला आणि उपटलेल्या मुळ्यांचे तुकडे करून तिथंच लावू लागला.

"उपटू द्या त्यांना, ताई," तो म्हणाला. "हरळी हाय ती. जितके तुकडे, तितक्या जागी फुटती."

मग रोज तेच. बाबा पुढं उपटत जायचे, मामा मागं लावत यायचा. उन्हं कलेपर्यंत दोघं कुठल्याशा एकाच रानात असायचे.

आता बाबा नाहीत, मामाही येत नाही. तो कोपरा मात्र सगळ्यात दाट आहे. कधीतरी मी तिथं बसते, एक काडी उपटते आणि शेजारीच लावते.