उसनी चाल

परंदवडीच्या मुजावराचा दस्तगीर पुण्याच्या एका सिनेमा कंपनीत लागला. तोंड काय देखणं न्हवतं, म्हणून कायम म्हातारे, भिकारी न्हाईतर कंजूष सावकार. मुका सिनेमा गेला, बोलका आला, तरी दस्तगीर टिकला. एका चालीच्या जोरावर टिकला. उजवा पाय वढायचा, डावा खांदा उडवायचा, मधीच थांबून धोतर सावरायचं. माणसं हसून लोळायची.

ती चाल शेजारच्या अंबाजीची. त्याचा पाय तरणेपणीच बैलानं मोडलेला. तसल्या पायानं तो लहानग्या दस्तगीरला खांद्यावर बसवून उरूस दावायचा. त्या खांद्यावर हिंदकळतच ती चाल पोराच्या अंगात भिनली.

लोणावळ्याला तंबूत त्याच्या सिनेमाचा खेळ लागला, तवा दस्तगीर आपणहून अंबाजीला घेऊन गेला. वाटलं, म्हातारा खूश हुईल. आणि अंबाजी हसलाही पोट धरून.

"कोन रं ह्यो येडा?"

आपली चाल आपल्याला कुटं दिसती? पण मागं बसलेला गावचा सोपान बोलला, "आबा, तुमीच की वो!"

अंबाजीचं हसू तितंच मेलं.

पीराच्या उरसात चंदनाचं ताट डोक्यावर घेऊन पुढं चालायचा मान अंबाजीच्या घराचा. तवर समद्या गावानं तो सिनेमा बघितलेला. त्या साली त्यानं पाऊल उचललं न् अख्खी मिरवणूक फिदीफिदी हसली. त्यानं ताट पोचवलं, मान खाली घालून घरी गेला. पुढच्या साली तो घरातनं निघंचना. समदे खोळंबले. दस्तगीर त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसला.

"आबा, चुकलं माजं. चला."

"हसतील."

"मी हाय की संगं."

"म्हून तर जास्त हसतील."

"मग ताट कोन घील?"

"तूच घे. माजी चाल तुला माज्यापरीस बरी जमती."

दस्तगीरनं ताट घेतलं. सरळ चालायचं मनाशी धरलं. तेवढ्यात गर्दीतनं आरोळी आली, "ती चाल दाव की, दस्तूभाई!" समदे खिदळले. अंबाजीनं आतनं कडी लावली. कडीचा आवाज दस्तगीरनं ऐकला, आणि त्याचं पाऊल काय उचलंना. शेवटी अंबाजीच्या भावानं ताट काढून घेतलं.

त्यापुढं दस्तगीरनं जेवढी कामं केली, ती बसूनच. खाटेवरला आजारी, गादीवरला सावकार. कंपनीवाले म्हणायचे, "जरा चालून दाव की."

तो म्हणायचा, "पाय दुखत्यात."