खबर कोणी न्यायची

पिराजी कुणापुढं वाकला नाही असं आमचे लोक अभिमानानं सांगतात. खोटं आहे. एकदा वाकला, आणि का वाकला तेही सांगायला पाहिजे.

वाशीकडच्या आमच्या गावात कोणी मेलं की पावण्यांकडं सांगावा न्यायचा तो महारानं. दारापासून लांब उभं राहून मेल्याचं नाव सांगायचं, शिळी भाकर घेऊन परतायचं. पिराजीचा बाप त्यातच झिजला. छप्पन साली धम्म घेतल्यावर पिराजीनं सांगावा नेणाऱ्या येसकराची काठी चुलीत घातली. सांगावा बंद.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नदीच्या पात्रात झरे खांदून गाव वरच्या अंगाला पाणी भरायचं, आमची वस्ती खालच्या. उन्हाळ्यात हगवण-उलटी सुरू झाली. दवाखाना लांब. डॉक्टर बजावून गेला, की माणूस आजारी पडला की त्याच दिवशी कळवा. पावडर, सलाईन घेऊन येतो, न कळवता मी कुठं कुठं धावू?

पाटलानं पिराजीला जायला सांगितलं. तो नाही म्हणाला. बरं, मग दुसऱ्या कुणी जावं की नाही? कोणी जाईना. आजाराची, मरणाची खबर वाहणं हे महाराचं काम. आपण केलं तर अब्रू जाते म्हणे. माणसं मरत राहिली आणि डॉक्टरच्या लेखी गाव ठणठणीत.

एका सकाळी पिराजीची सून सुमनबाई आडवी झाली. तो निघाला तसं पाटील आडवा आला. जातोसच तर गावातल्या आजाऱ्यांचंही सांग म्हणाला. वस्तीतली पोरं हसली. काका, काठी आणून देऊ का?

"पानी एकच हाय, गाढवांनो," पिराजी म्हणाला. मग पाटलाकडं वळला. "आज नेतो. उद्यापास्नं पाळी लावा. आमच्या वस्तीची खबर तुमी न्यायची."

किराणा दुकानवाला वीरप्पा म्हणाला, "मंजे म्या तुझा येसकर व्हू?"

पिराजी दवाखान्याच्या वाटेला लागला. जीप आली, झऱ्यात पावडर पडली. सलाईन लावायला सुमनबाईची शीर काही सापडली नाही, ती गेली. पहिल्या आजाऱ्याच्या वेळीच कळवलं असतं तर ही वाचली असती, असं डॉक्टर सगळ्यांसमोर बोलला. पाटलानं तिथंच पाळी लावली, पहिली वीरप्पाची.

पुढं वस्तीतली विठाबाई पडली. सुनेचं सुतक मनात घेऊन पिराजी वीरप्पाच्या पायरीवर जाऊन बसला.

"पाळी तुमची."

वीरप्पा गूळ जोखत राहिला. आतून त्याची आई रुद्रम्मा बाहेर आली. "जातूस का म्या जाऊ?"

वीरप्पा गेला, तोंडावर उपरणं ओढून. विठाबाई वाचली.

त्यानंतरची पाळी पिराजीची होती, आणि खबर रुद्रम्माची. तो उन्हातान्हात पळत गेला. म्हातारी जगली नाही. पण डॉक्टर त्याच दिवशी आला, आणि त्या घरात तिच्यामागं दुसरं कोणी आडवं झालं नाही.