किल्ली कोणापाशी असती?

"किल्ली कोणापाशी असती, ते विचारलंस का?"

एम.एस्सी.ला कुठलं विद्यापीठ घ्यावं, हे विचारायला कुणीही आलं की आमच्या लॅबचे मामा आधी हा प्रश्न टाकायचे. टाकता टाकता खिशातली किल्ली काढायचे, तळहातावर ठेवायचे आणि हात पुढं धरायचे. पोरगं गोंधळायचं. रँकिंग, प्लेसमेंट, कॅम्पस असलं काहीतरी ऐकायला आलेलं असायचं ते.

"लॅबची किल्ली सरापाशी असली तर लॅब सराची. पोरापाशी असली तर पोराची. इतकंच बघायचं. बाकी सगळं पोस्टरवर असतं."

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. कॉलेजच्या ग्रुप फोटोत जो कधीच नसतो, कारण तो खुर्च्या मांडत असतो. परभणीतल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या लॅबमध्ये ते परिचर होते. कंत्राटी. सतरा वर्षं कंत्राटी! दरवर्षी जूनमध्ये नवा कागद, नवी सही, जुनाच माणूस. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याला कारण आहे, ते पुढं येईल.

मी बोरीची. आमच्याकडून सकाळची पहिली एसटी धरली तर साडेसातच्या आत परभणी. दुसरी धरली तर पहिला तास गेलाच म्हणून समजा. कॉलेज दहाला उघडायचं. मधले अडीच तास पोरं चहाच्या गाड्यावर काढतात. पोरींनी कुठं काढायचे? हा प्रश्न कुठल्याही समितीनं कधी विचारला नाही. मामांनीही विचारला नाही. ते साडेसातला लॅब उघडून बसायचे.

नियमात हे नव्हतं. नियमानं किल्ली विभागप्रमुखांच्या कपाटात असायला पाहिजे होती. सरांना लवकर यायचा कंटाळा, म्हणून किल्ली मामांकडं आली, आणि मामांकडं आली म्हणून आम्हाला मशिनी मिळाल्या. मी जे काही प्रोग्रामिंग शिकले ते त्या अडीच तासांत शिकले. दहानंतर फक्त हजेरी दिली.

मी विद्यार्थी संघटनेत होते, म्हणून आत शिरले की मामा विचारायचे, "काय लीडर, आज कोणाचा मुर्दाबाद?"

"एसटीचा, मामा. उभं राहून आले."

"मग बस आता. मुर्दाबादला पाय धड लागतात."

लॅबमधल्या मशिनींचे त्यांना नंबर पाठ होते, पण त्यापेक्षा कीबोर्ड पाठ होते. अकरा नंबरचा कीबोर्ड ते पोरांना दाखवायचे. त्यावरची महिरपी कंसाची बटणं झिजून गुळगुळीत झाली होती, वरची खूण दिसत नव्हती. "हे बग. चिठ्ठ्या लिहिणाऱ्याची ही बटणं झिजत न्हाईत. जिथं कंस झिजलेला, तिथं पोरं खरंच प्रोग्राम लिहितात."

हे त्यांना कळत होतं कारण ते स्वतः लिहीत होते. बारावीवर नोकरीला लागले, आणि लॅब उघडता उघडता, घरी अभ्यास करून, बाहेरून परीक्षा देत बी.एस्सी. झाले. तेव्हा वय चाळिशीला आलेलं. कॉलेजात कुणी पेढा मागितला नाही. मागितला असता तर त्यांच्या पिशवीत डबा होता, असं मला फार नंतर कळलं.

एका सकाळी त्यांनी मला एक लांब वही दाखवली. तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत एसटीनं फिरून मामांनी चार विद्यापीठं बघितली होती. प्राध्यापकांना भेटले नव्हते. ते थेट तिथल्या लॅबच्या परिचराकडं जायचे. "मी मामा, तोबी मामा. एक च्या घेतला की सगळं खरं सांगतो बिचारा."

वहीत प्रत्येक विद्यापीठाला एक पान होतं.

"दोन नंबर. इमारत काचेची. मशिनी नव्या. कीबोर्डावर प्लास्टिक, प्लास्टिकवर धूळ. किल्ली मॅडमपाशी. मॅडम दौऱ्यावर."

"चार नंबर. रंग उडालेला. मशिनी जुन्या. कंस झिजलेले. किल्ली वॉचमनपाशी, पोरं सही करून घेतात, सही करून देतात. मुलींच्या वसतिगृहात पाणी दोन टाइम."

आणि त्याच पानावर सगळ्यात खाली: "माझ्यासाठी हेच."

मी विचारलं, "मामा, तुमच्यासाठी?"

"कामून? मी काय करायलोय मग इतक्या दिवस?"

"पण घरी बसून होते की एम.एस्सी. आता. नोकरी सांभाळून."

"एक डिग्री बसलो की घरी." त्यांनी वही मिटली. "सतरा वर्सं दुसऱ्यासाठी लॅब उघडली. एकदा तरी आत बसायचंय, पोरांमधी. किल्ली घेऊन न्हाई, वही घेऊन."

त्यांनी प्रवेश परीक्षा दिली. हॉलच्या दारात पर्यवेक्षकानं अडवलं, "पालकांनी बाहेर थांबायचं." मामांनी हॉलतिकीट पुढं केलं. हा प्रसंग ते स्वतःच रंगवून सांगायचे, त्या पर्यवेक्षकाचं तोंड कसं झालं ते करून दाखवायचे. आम्ही हसायचो. आता लिहिताना मला हसू येत नाही.

नंबर लागला. चार नंबरच्या विद्यापीठातच लागला. पुढच्या गुरुवारी मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं. मामांनी कॉलेजकडं दोन वर्षांची बिनपगारी रजा मागितली आणि ना-हरकत प्रमाणपत्र मागितलं. परत आल्यावर जागा राहील, एवढं एक लेखी हवं होतं. मामी अंगणवाडीत मदतनीस. दोन वर्षं त्या घर ओढणार होत्या, पण नवरा परत येऊन कामाला लागेल या भरवशावर. सगळं त्या एका कागदावर टांगलेलं होतं.

प्राचार्य म्हणाले, "बघू. सोमवारी या."

मी म्हटलं, "मामा, बघू म्हणजे नाही. आपण पत्रक काढू."

"नको गं लीडर. बघतो म्हणलेत ना? बघू दे की त्यांना."

शनिवारी आम्ही पत्रक काढलं.

आम्ही म्हणजे मी. मजकूर माझा, मथळा माझा. पिवळ्या कागदावर ठळक अक्षरांत: 'एका बिचाऱ्या शिपायाचा बळी देणार काय?' कॉलेजच्या फाटकावर वाटलं, बसस्टँडवर वाटलं, जिंतूरच्या गाडीत सीटासीटावर ठेवलं. मला फार बरं वाटत होतं. अन्यायावर लिहिताना हात कसा भराभरा चालतो, हे ज्यांनी पत्रकं लिहिली आहेत त्यांना ठाऊक आहे.

सोमवारी मामा प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा पत्रक टेबलावर होतं.

"हे तुम्हीच वाटायला लावलं?"

"न्हाई साहेब."

"कंत्राटी माणसाला रजाच नसते. मग ना-हरकत कसली द्यायची?"

संपलं. गुरुवार आला आणि गेला. मामा परभणीतच होते.

आमचे कार्यकर्ते मला समजावतात की प्राचार्यांनी तसंही दिलं नसतं. पत्रकाचं त्यांनी निमित्त केलं. असेलही. पण ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता त्यानं नको म्हटलं होतं आणि मी त्याचं ऐकलं नव्हतं. प्राचार्यांनी ऐकलं नाही म्हणून मी त्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या. माझ्याविरुद्ध कोण देणार?

शुक्रवारी सकाळी माझी एसटीतून उतरायची हिंमत होत नव्हती. वाटलं, आज लॅब बंद असेल. लॅब उघडी होती. साडेसातला.

मामांनी खिशातून पत्रकाची घडी काढली आणि अकरा नंबरच्या कीबोर्डावर ठेवली. "वाचून दाखीव."

मी वाचायला लागले. दुसऱ्या परिच्छेदात त्यांनी हात वर केला.

"ह्यात मी कुठं हाय?"

"मामा, हे सगळं तुमच्यावरच आहे."

"न्हाई. ह्यात शिपाई हाय, गरिबी हाय, अन्याय हाय. मी बी.एस्सी. हाय, ते कुठं हाय? चार विद्यापीठं बघितली, त्यातलं एक निवडलं, ते कुठं हाय? परीक्षा पास झालो, ते कुठं हाय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "मी काही बिचारा म्हणून चाललो नव्हतो तिथं. नंबर लागला म्हणून चाललो होतो."

मी माफी मागितली की नाही हे आठवत नाही.

"नाव टाकलं न्हाईस, तेवढं बरं केलंस," ते म्हणाले. "आता कुठंच टाकू नको."

मग उठले आणि एकेक मशीन चालू करत गेले, खिडकीपासून दारापर्यंत, रोजच्यासारखं.

पुढच्या वर्षी माझी पाळी आली. माझा दोन ठिकाणी नंबर लागला. एक ते काचेच्या इमारतीचं, ज्याचं नाव घेतलं की पाहुणे खुर्चीत सरळ होऊन बसतात. दुसरं मामांचं चार नंबर. दोन्हीकडं मूळ दाखला मागत होते आणि दाखला एकच होता. वडील म्हणाले, "मोठं नाव घे. सोयरिकीलाबी बरं पडतं." कार्यकर्ते म्हणाले, मोठ्या शहरात चळवळ आहे. मामांनी नुसती ती लांब वही माझ्यापुढं ठेवली.

"वहीवर इस्वास ठेवू नको. दोन वर्सांत किल्ली हालली असंल. सोता जा. विचार."

मी वडलांना घेऊन दोन्हीकडं गेले. काचेच्या इमारतीत वडील वरचा मजला बघत राहिले आणि मी परिचराला विचारलं. त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं. "किल्ली मॅडमकडं. मॅडम मीटिंगला." चार नंबरला वॉचमननं रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं. कुणी किती वाजता घेतली, किती वाजता दिली, पानंच्या पानं भरलेली. आत जाऊन मी एक कीबोर्ड उलटसुलट करून बघितला. कंसाची बटणं गुळगुळीत होती.

वडील बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "कुणी सांगितलं तुला हे असं बघायला?"

मी दाखला तिथं दिला. मामांनी स्वतःसाठी निवडलेल्या जागेवर मी बसले आहे. हे मी विसरायचा प्रयत्न करत नाही.

त्याच जूनमध्ये आमच्या कॉलेजच्या लॅबला अंगठ्याचं कुलूप बसलं. त्या जूनचा कागद मामांना आला नाही. आता उघडायला माणूस लागत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. ते सोनपेठकडं आपल्या गावी गेले. मी फोनवर तावातावानं म्हटलं, आता तरी नोकरीची भीती नाही, परत परीक्षा द्या. ते म्हणाले, "तवा परत यायला जागा होती. आता कुठं परत येऊ? अन् पोरीची बारावी झाली. आता तिची बारी हाय."

दिवाळीत मी कॉलेजात गेले होते, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी. आठ वाजले होते. लॅबच्या दाराशी पायरीवर बोरीच्या गाडीच्या दोन पोरी मांडीवर दप्तर घेऊन बसल्या होत्या. दाराला निळा दिवा लुकलुकत होता.

"किल्ली कोणापाशी असती गं?"

"किल्ली न्हाई ना ताई. अंगठा हाय."

"कोणाचा?"

त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. त्यांना माहीत नव्हतं.

दर रविवारी मामांचा फोन येतो. "ह्या आठवड्यात काय झालं?" मी वहीतून वाचत जाते, ते तिकडं लिहून घेतात. मध्येच थांबवतात, "हळू. परत सांग." माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं इतक्या वेळा परत सांग म्हटलेलं नाही.

माझी पहिल्या सत्राची परीक्षा झाली तेव्हा त्यांनी प्रश्नपत्रिका मागवून घेतली. पुढच्या रविवारी मोबाईलवर फोटो आले, सोळा पानांचे. रेघांचा कागद, समास आखलेला, प्रश्न क्रमांक समासात. वरच्या ओळीत विषय, तारीख, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ. तीन तासांच्या आत. बैठक क्रमांक या शब्दांपुढं नुसती रेघ.

मी पानं तपासली. एका उत्तरात एक कंस बंद करायचा राहिला होता, तेवढी लाल खूण केली. बाकी बरोबर होतं. मार्क द्यायचा अधिकार मला नाही, म्हणून दिले नाहीत.

फोनवर म्हटलं, "मामा, बैठक क्रमांक मोकळा कशाला सोडता? काहीतरी लिहा. माझा लिहा."

"न्हाई," ते म्हणाले. "तो नंबर विद्यापीठ देतं."