एकाच कॉफीचं गिऱ्हाईक

एकोणीसशे साठच्या आसपास मी बेंगळुरूच्या कारखान्यात नवा नोकरीला लागलो होतो. बसवनगुडीतल्या हॉटेलात रोज सकाळी एक वयस्क जोडपं यायचं. ते गृहस्थ एकच कॉफी मागवायचे, पेल्यातून वाटीत ओतून ती नीट निववायचे आणि बायकोपुढे ठेवायचे. स्वतः मात्र कोमट पाणी प्यायचे.

माझ्या हातातलं मराठी मासिक पाहून एकदा ते बेळगावकडच्या मराठीत बोलू लागले. मी विचारलं, "अण्णा, तुम्ही कॉफी घेत नाही?"

"अल्सरचं ऑपरेशन झालंय. अर्धं पोट काढलं. डॉक्टर नको म्हणालेत."

"मी पण सोडली होती," बाई म्हणाल्या, "पण हे ऐकतात कुठं!"

"पोट माझं कापलंय, हिचं न्हवं," ते हसले.

स्वतःच्या पथ्यापायी सगळ्या घराचं तोंड कडू करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. हे गृहस्थ मला फार मोठे वाटले.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी थोड्या कॉफीला परवानगी दिली. त्या सकाळी बाईंनी कॉफी निववून वाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटून तोंडात घोळवला आणि वाटी परत सरकवली.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "पी लवकर, गार व्हायला लागली."